दहावा डबा

गव्हाची कापणी सुरू होण्याआधीच्या रविवारी ड्रायलिंगांच्या घरी एक वाजता जेवायला बसतात. थेक्ला साडेअकरालाच पोचली होती. पण घरी न जाता तिने गाडी प्लम क्रीकच्या लाकडी रेल्वेपुलापाशी उभी केली, बूट बदलले आणि खाली ओढ्यात उतरली. पाणी घोट्यापर्यंतही नव्हतं. क्लेममामा मिस्सा आटोपून परस्पर तिकडे आला, तेव्हा ती मधल्या एका खांबाशी नाक लावून उभी होती.

"ओमाहात चर्च नाहीत का?" त्याने वरूनच विचारलं. "तुझ्या आईने आज तीनदा मागे वळून दाराकडे बघितलं."

"खाली ये, मामा. आणि तो चांगला कोट वर ठेव, डांबर लागेल."

क्लेम एकेक पाय सांभाळत उतरला. वय पंचावन्न, पण इंजिनाची शिडी बावीस वर्षं चढून-उतरून गुडघे सत्तरीचे झाले होते.

"या पुलाला खांबांच्या रांगा किती?" थेक्लाने विचारलं.

"नऊ. परीक्षा घेतेस?"

"सात रांगांवर सत्तेचाळीसचा खिळा आहे. चौथ्या आणि पाचव्या रांगेवर एकसष्टचा. हे बघ."

जुन्या रेल्वेवाल्यांची ती रीत होती. लाकूड बसवलं की त्यात एक खिळा ठोकायचा, आणि खिळ्याच्या डोक्यावर सालाचे शेवटचे दोन आकडे असायचे. पुढे कोणीही यावं आणि लाकडाचं वय वाचावं. क्लेमने खिळ्याकडे पाहिलं नाही. तो ओढ्यातल्या एका दगडाकडे पाहत राहिला.

"एप्रिलमध्ये मी प्रत्येक खांबातून पेन्सिलीएवढी काडी काढून नेली होती," ती म्हणाली. "चौथ्या-पाचव्या रांगेत कूज नाही. पाण्याच्या रेषेलासुद्धा नाही. वर तुळया बघ. बाकी ठिकाणी प्रत्येक रुळाखाली तीन आहेत, इथे चार. तुझी गाडी गेली तेव्हा मी खाली मोजमाप लावून बसले होते. सगळ्यात कमी दबतो तो पूल नेमका इथे. आणि आजोबांनी वजनाची मर्यादा घातली ती याच दोन रांगा कुजल्यात म्हणून."

"मग?"

"मग हा पूल दोनशे शहाऐंशी झेलतो. ताशी दहा मैलांनी न्यायची गाडी, पण झेलतो. आमच्या पुलांच्या ऑफिसात साहेबांनीही आकडे तपासले. मला एवढंच कळत नाही, की कधीपासून झेलतो."

क्लेम त्या दगडावर बसला. कोट वर ठेवायचा राहिलाच होता. त्याने तो मांडीवर घेतला.

"पंच्याण्णवच्या ऑगस्टपासून," तो म्हणाला.

दोनशे शहाऐंशी हजार पौंड. मोठ्या रेल्वेचा धान्याचा डबा गहू धरून आता तेवढा भरतो, सगळ्या देशात. मारियाफेल्डच्या कोठारात मात्र गहू सोडणारा माणूस दोनशे त्रेसष्टला झडप बंद करतो, कारण तिथून निघालेला प्रत्येक डबा या पुलावरून जातो आणि पुलावर आजोबांची, लिअँडर ड्रायलिंगची, मर्यादा आहे. ती कोठाराच्या पाटीवर आहे, बिल्टीवर आहे, मोठ्या रेल्वेच्या संगणकात मारियाफेल्डच्या नावापुढे आहे. नऊ डब्यांत मावेल तो गहू त्यामुळे दहा डब्यांतून जातो. शेतकऱ्यांची सहकारी संस्था भाडं मात्र दहांचं भरते. इतकी वर्षं तिने ते सोसलं. आता साठ मैलांवर मोठ्या रेल्वेच्या मुख्य मार्गालगत नवं कोठार झालं होतं, एका दमात एकशे दहा डबे भरणारं, आणि संस्थेचा व्यवस्थापक गिल्बर्ट स्टेकलाइन आज चार वाजता उत्तर घ्यायला येणार होता: एक तर दोनशे शहाऐंशी, नाहीतर उद्यापासून गहू ट्रकने तिकडे. मारियाफेल्डचा गहू गेला की या अडतीस मैलांवर न्यायला काही उरत नाही.

"त्या जूनमध्ये पापा डब्याच्या शिडीवरून पडले," क्लेम सांगू लागला. "खुब्याचं हाड. सात आठवडे इस्पितळात. जाताना म्हणाले, पुलाला हात लावायचा तर माझ्यादेखत. तेव्हा शेजारच्या जिल्ह्यातली जुनी शाखा उखडत होते. त्यांच्या पुलाचं लाकूड, खणखणीत, जवळजवळ फुकट. तुझा आल्विनमामा म्हणाला, पापा कुबड्यांवर येऊन ओढ्यात उतरणार, पुन्हा पडणार. त्यापेक्षा आपण करून टाकू. एकोणीस दिवस लागले."

"आणि सांगितलं नाहीत."

"सांगणारच होतो. इस्पितळातून निघाले ते म्हणाले, आधी पुलावर चला. कुबड्या टेकत खाली आले. हातोडा मागितला. एकेक खांब ठोकून बघितला आणि हसले, थेक्ला. सात आठवड्यांत पहिल्यांदा. म्हणाले, 'बघा, लाकूड अजून बोलतंय. बेताने वापरलं म्हणून टिकलं.' आल्विनने माझ्याकडे बघितलं, मी आल्विनकडे. तो म्हणाला, आज नको."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशीही आजच असतो." क्लेमने कोटाचं एक बटण फिरवलं. "आल्विन म्हणायचा, थोरला मी आहे, मी सांगेन. आणि मग मागच्या फेब्रुवारीत तो बर्फ उपसता उपसता गेला. आता मी तोंड उघडलं तर मेलेल्या भावावर ढकलल्यासारखं होईल. म्हणून मी तुझ्या आईच्या बाजूने मत देणार आहे. विकून टाकू. रूळ भंगारात गेले की पूलही गेला."

कंपनीचे तीन हिस्से होते: आजोबा, आई आणि क्लेममामा. दोन मतं पडली की झालं. आई विकायच्या बाजूची आहे हे थेक्लाला माहीत होतं. मामा तसा असेल हे मात्र तिच्या कोणत्याच हिशेबात बसत नव्हतं.

"एक वाक्य बोलायला नको म्हणून तू रेल्वे विकतोस?"

"मी त्यांना तुझ्यापेक्षा एकोणतीस वर्षं जास्त ओळखतो."

"चार वाजेपर्यंत तू सांग. नाही सांगितलंस तर मी माझी फाइल उघडते. तिच्यात खिळ्यांचे फोटो आहेत."

क्लेम उठला. गुडघा वाजला. "अगदी आईवर गेलीस."

"सगळे म्हणतात, बाबांवर गेले."

"तू चांगली वागतेस तेव्हा म्हणतात."

*

थेक्लाची आई रोझालिया भट्टीतून बीरॉक काढत होती. कोबी-खिम्याचे ते गोल पाव तिने पहाटेच भरून ठेवले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जुनं स्टेशन दिसायचं. तीच तिची कचेरी. बावीस वर्षांपूर्वी मोठ्या रेल्वेने ही शाखा बंद करायची ठरवलं आणि तिच्या वडिलांनी, त्याच रेल्वेतल्या एका मुकादमाने, घर गहाण टाकून ती विकत घेतली. तेव्हा तिला वाटलं होतं की आता आपली रेल्वे झाली. पण रेल्वे अशी आपली नसते, हे तिला पहिल्याच हंगामात कळलं. रूळ आपले, दोन जुनी इंजिनं आपली. डबे दुसऱ्याचे, आणि दारात उभ्या असलेल्या प्रत्येक डब्याचं तासागणिक भाडं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, अकरा वाजता टॉलिव्हर जंक्शनवर मोठी गाडी चाळीस मिनिटं थांबते. रिकामे डबे बाजूच्या रुळावर सोडते, क्लेमने आणलेले भरलेले डबे जोडून घेते आणि जाते. क्लेमला दहा मिनिटं उशीर झाला तर ती थांबत नाही. तिच्यामागे अख्ख्या देशाच्या गाड्या असतात. तिथून मारियाफेल्डचा गहू आठवड्याभरात आखाती बंदरावर पोचतो आणि कुठल्यातरी देशात त्याची भाकरी होते. पण पहिले अडतीस मैल क्लेमशिवाय कोणी त्याला नेत नाही.

तिला या कामाचा कंटाळा आला नव्हता. तिला भीती वाटत होती. एप्रिलमध्ये थेक्ला सुट्टी घेऊन आली आणि तीन दिवस पुलाखाली बसली. मुलीच्या चेहऱ्यावरचं ते सुख रोझालियाने ओळखलं होतं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आरशात तेच पाहिलं होतं तिने, आणि त्यापायी पुढची बावीस वर्षं एकाही कापणीत पुरती झोप मिळाली नव्हती.

"पापा, हात."

"धुतलेत," लिअँडर म्हणाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो उंच, किंचित उजवीकडे कललेला माणूस मागच्या दाराने केव्हा आत आला होता, कळलंही नव्हतं.

"धुतलेत की नाही ते विचारत नाहीये. ते बीरॉकपासून लांब ठेवा."

त्याने एक उचललाच आणि तळहातावर नाचवत राहिला. "क्लेम कोणाकडून आहे?"

"माझ्याकडून."

"तू विचारलंस?"

"त्याने स्वतः येऊन सांगितलं. गुरुवारी. मी भांडायच्या तयारीत होते, तर हा आधीच हो म्हणाला. मलाच कसंतरी झालं."

"अस्सं," लिअँडर म्हणाला. त्याने पाव फोडला, वाफ बघितली. पुढे काही विचारलं नाही, आणि त्या न विचारण्याचं रोझालियाला आश्चर्य वाटलं. पण सूप उतू जात होतं.

*

चौघं जेवायला बसली. प्रार्थना झाली, त्यात आल्विनचं नाव नेहमीच्या जागी आलं. खारवलेलं कलिंगड फिरलं.

"मतं जेवतानाच घेऊ," लिअँडर म्हणाला. "पोट भरलं की माणूस कशालाही हो म्हणतो."

रोझालियाने एप्रनच्या खिशातून पत्र काढून ताटाशेजारी ठेवलं. "भंगारवाल्यांना उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय. गिल्बर्टला आज. नवा पूल बांधणं आपल्याला झेपत नाही, हे आपण हिवाळ्यातच बघितलंय. मी विकू म्हणते. क्लेमचे गुडघे गेलेत, माझे कान गेलेत, आणि आपल्यानंतर कोणी नाही."

"मी इथे बसलेय, आई," थेक्ला म्हणाली.

"म्हणूनच म्हणतेय."

"मी नको म्हणतो," लिअँडर म्हणाला.

"कारण?"

"मला सकाळी उठून जायला कुठेतरी पाहिजे. क्लेम?"

क्लेमने चमचा सूपमध्ये ठेवला. समोर थेक्ला काहीच करत नव्हती. फाइल तिने खुर्चीखाली ठेवली होती, हे त्याने बसतानाच पाहिलं होतं. तिच्याकडे पाहिलं की त्याला इंजिनातलं एक यंत्र आठवायचं: चालकाने ठरावीक वेळात काही हालचाल केली नाही, तर ते आधी नुसता आवाज करतं आणि मग स्वतःच ब्रेक लावतं. आवाज केव्हाचा चालू होता.

"पूल शहाऐंशी झेलतो," तो म्हणाला.

"कोणता पूल?" रोझालियाने विचारलं.

"आपला. प्लम क्रीकचा. चौथी आणि पाचवी रांग नवी आहे. म्हणजे जुनीच, पण चांगली. मी बसवली. आम्ही. पापा इस्पितळात होते तेव्हा." त्याला वाटलं होतं की हे सांगायला बराच वेळ लागेल. एवढ्यातच संपलं म्हणून तो थोडा गोंधळला. "मी बसवली," त्याने पुन्हा म्हटलं. "आल्विनने सांगायचं म्हटलं होतं, मीच त्याला थांबवायचो."

हे शेवटचं खरं नव्हतं, आणि थेक्लाला ते माहीत होतं. तिने फाइल पायाने खुर्चीखाली आणखी आत सारली.

रोझालियाने हात पुसले. तिचा आवाज वाढला नाही. ती घरात कधी ओरडत नसे, सगळं ओरडणं फोनवर संपायचं. "पंच्याण्णव. म्हणजे नऊ वर्षं."

"रोझी, ऐक—"

"कापणी आली की सगळ्या मैदानी प्रदेशाला डबे हवे असतात. मी त्या कचेरीतल्या पोरासोरांची मनधरणी करते. एकाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला भेट पाठवली मी, क्लेम, तोंडही न पाहिलेल्या माणसाच्या. सत्तावीस मिळत असतात, मी तीससाठी भांडते. वर्षाला चौदाशे डबे आपले. त्यातले एकशे चाळीस नुसती हवा नेतात. नऊ वर्षांत किती, थेक्ला?"

"बाराशे साठ."

"बाराशे साठ डबे हवा. आणि तू गुरुवारी माझ्या कचेरीत येऊन, टोपी हातात धरून म्हणतोस, विकू या ताई. मला वाटलं, तुला माझी दया आली. ताई कधी म्हणतोस तू मला?"

"तुझीही येते दया," क्लेम म्हणाला.

"गप्प बस आणि सूप पी."

कोणीच सूप पीत नव्हतं, लिअँडर सोडून. त्याने वाटी तिरपी करून शेवटचा चमचा घेतला, तोंड पुसलं.

"तो एकसष्टचा खिळा का ठेवलात?" त्याने विचारलं.

क्लेमला कळेना.

"काढायचा होता. लपवायचंच होतं तर खिळा काढून टाकायचा. तो मी ठोकलेला आहे. तुम्ही लाकूड आणलंत त्या शाखेवर मी एकसष्ट साली मुकादम होतो. त्या हिवाळ्यात आम्ही तिथला पूल बांधला. माझ्या हातचा खिळा नेहमी थोडा डावीकडे जातो, आता सांगू नका की माहीत नाही."

"तुम्हाला माहीत होतं?" रोझालियाने विचारलं. "त्याच दिवशी?"

"कुबड्या होत्या. डोळे होते की."

लिअँडर आपल्या मुलाकडे पाहत होता आणि त्याला तो दिवस जसाच्या तसा दिसत होता. दोन वाढलेले पुरुष शाळकरी मुलांसारखे ओढ्यात उभे, हात मागे बांधलेले, नखांत डांबर. खांबाच्या माथ्यावरचा जोड त्याने बोटाने चाचपला होता. फट नव्हती. त्याच्या स्वतःच्या जोडांना नेहमी सुईएवढी फट राहायची. म्हणून तो हसला होता, आणि त्यांनीच सांगावं म्हणून लाकूड जुनंच असल्यासारखं बोलला होता. संध्याकाळी जेवताना सांगतील, असं त्याला वाटलं होतं, आणि मुद्दाम दोनदा सूप घेतलं होतं, वेळ मिळावा म्हणून.

"मग तुम्ही का नाही बोललात, आजोबा?" थेक्लाने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"काय बोलणार? मला कळलं म्हणून? मग त्यांच्याकडे काय उरलं? सांगायची गोष्ट त्यांची होती." त्याने काटा सरळ केला. "आणि दुसरं. मर्यादा उठवा, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मी म्हटलं, पोरांना आपल्या कामाचा भरवसा नसेल. ज्याने बांधलाय तोच 'ने' म्हणत नाही, तर त्याच्यावरून मी चार हजार टनांची गाडी कशी पाठवू? इंजिनात कोण बसणार होतं? हाच."

"आम्हाला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल," क्लेम म्हणाला.

"दरवर्षी वसंतात तुम्हा दोघांना हातोडा देऊन खाली नेत होतो. काय वाटलं, मला लाकडाचा आवाज आवडतो म्हणून?"

थेक्लाला हसू आलं, आणि ती एकटीच हसली म्हणून थांबली. मग रोझालियाच्या खांद्यांकडे तिचं लक्ष गेलं. आई ताटाकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते; रडतेय की हसतेय हे तिलाही ठरवता आलं नसतं.

"आल्विन आला होता एकदा," लिअँडर म्हणाला, थोड्या वेळाने. "त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात. त्या खुर्चीवर बसला. पुलाबद्दल बोलायचंय, म्हणाला. मी म्हटलं, बोल. मग पाऊसपाण्याचं बोलला, बायकोच्या दाताचं बोलला, कॉफी पिऊन गेला. मी त्याला म्हणायला पाहिजे होतं की जोड चांगला बसलाय. एवढंच म्हटलं असतं तर पुरलं असतं." त्याने चमचा वाटीत आडवा ठेवला. "ते न बोललेलं मला पुरतं आता, दिवसभर."

क्लेमने हात पुढे केला; कलिंगडाची बशी मध्ये होती, ती त्याने बाजूला सारली आणि वडिलांच्या मनगटावर हात ठेवला. लिअँडरने तो तसाच राहू दिला.

रोझालियाने पत्र घडी करून पुन्हा खिशात टाकलं.

"म्हणजे नाही विकायचं?" क्लेमने विचारलं.

"कधीतरी विकू. चांगलं कारण सापडलं की. लोक विचारतील, अडतीस मैलांची रेल्वे का गेली. मी काय सांगू? आमच्याकडचे पुरुष जेवताना बोलत नाहीत म्हणून?" ती उठली. "सूप गार झालंय. द्या इकडे, गरम करून आणते. आणि थेक्ला, तुझी ती फाइल खुर्चीखालून काढ. मांजर बसलंय तिच्यावर."

*

गिल्बर्ट स्टेकलाइन चारला पाच कमी असताना आला. वाईट बातमी ऐकायला आलेल्या माणसासारखी त्याने टोपी आधीच काढली होती. त्याच्या समोर कॉफी आली, कोरा कागद आला, आणि थेक्ला आकडे वाचत होती.

"मधल्या गाळ्यांत पूल आत्ता सहा मिलिमीटर दबतो. शहाऐंशीला साडेसहा. अटी दोन: ताशी दहा मैल, आणि दरवर्षी एप्रिलमध्ये मी येऊन मोजणार."

"ओमाहात राहून," रोझालिया म्हणाली.

"ओमाहात राहून, आई."

"नवा पूल बांधलात केव्हा?" गिल्बर्टने विचारलं.

"जुनाच आहे," लिअँडर म्हणाला. "कॉफी पी."

या लाइनवर बावीस वर्षांत जो हुकूम निघाला, त्याखाली लिअँडरची एकच सही असायची. रोझालियाने कागदावर लिहिलेला मजकूर त्याने चष्मा लावून दोनदा वाचला: मारियाफेल्ड ते टॉलिव्हर जंक्शन, डब्याचं कमाल वजन दोनशे शहाऐंशी हजार पौंड. मग पेन उलटं धरून त्याने ते क्लेमपुढे केलं.

"मी?" क्लेम म्हणाला.

"मी बांधलाय का तो?"

क्लेमने पेन घेतलं. घेऊन बसून राहिला. मंगळवारी सकाळी इंजिन आधी जाईल, आणि मग त्याच्या पाठीमागून एकेक करत ते जड डबे त्या दोन रांगांवर येतील. त्याला आठवलं की पाचव्या रांगेतला शेवटचा बोल्ट अंधार पडत आला तेव्हा बसवला होता, आणि आल्विनने त्याला तो सोडून पुन्हा घट्ट करायला लावला होता. तो चिडला होता तेव्हा.

"अर्धा मिलिमीटर जास्त," थेक्ला हळूच म्हणाली. "नखाच्या जाडीएवढा."

"ते नाही बघत मी," क्लेम म्हणाला. त्याने सही केली. मग तिच्या शेजारी, शाळेत लिहायचा तशा सुट्या अक्षरांत, आणखी एक नाव लिहिलं.

गिल्बर्टने कागद फिरवून वाचला. "आल्विन? क्लेम, याचा काही उपयोग—"

"दोघांनी केलं होतं."

गिल्बर्टने लिअँडरकडे पाहिलं. लिअँडर खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत होता, आणि बराच वेळ पुसत होता. गिल्बर्टने कागद घडी करून टोपीत ठेवला. गहू तुमच्याकडेच राहील, एवढं म्हणून तो दुसरा कप कॉफी प्यायला बसला.

रोझालिया अंगण ओलांडून स्टेशनात गेली. मोठ्या रेल्वेची डबे वाटपाची कचेरी रविवारीही चालू असते. फोनवर एक तरुण आवाज आला, नवीन असावा. मारियाफेल्डची अक्षरं तिला सांगावी लागली.

"सापडलं," तो म्हणाला. "कमाल वजन दोनशे त्रेसष्ट. बदलून शहाऐंशी करायचं. कारण लिहावं लागतं, मॅडम. नवं बांधकाम की दुरुस्ती?"

"दुरुस्ती."

"कधी पूर्ण झाली?"

"ऑगस्ट पंच्याण्णव."

कीबोर्डची टकटक थांबली. "पंच्याण्णव? मग कळवायला एवढा उशीर कसा?"

खिडकीतून तिला घराची मागची पायरी दिसत होती. क्लेम आणि पापा तिथे येऊन बसले होते. क्लेम हाताचे दोन पंजे एकमेकांत अडकवून जोड कसा बसवला ते दाखवत होता, आणि पापा मान हलवत होते, नाही नाही, असा नव्हे, असा.

"आमची लाइन छोटी आहे," रोझालिया म्हणाली. "बातमी पोचायला वेळ लागतो. मंगळवारचे डबे लिहून घ्या."

"ते आहेत इथे. तीस."

"तीस नाही," ती म्हणाली. "सत्तावीस."